इंजिनचे पाणी जाते कुठे?
मोटार दुरुस्तीच्या धंद्यातील एका नेहमीच्या तक्रारीचा अभ्यास

गॅरेजचे शटर वर होते न होते तोच एखादा टॅक्सीवाला किंवा टेम्पोवाला गाडी उभी करतो आणि म्हणतो, "उस्ताद, पाणी कमी होतंय. कुठे गळताना तर दिसत नाही." आपल्या धंद्यात या तक्रारीला दोन तयार उत्तरे आहेत. पहिले उत्तर, "पाणी टाकत राहा, काही होत नाही." दुसरे उत्तर, "हेड गॅसकेट गेले, इंजिन खोलावे लागेल." पहिल्या उत्तराने गिऱ्हाईकाचे इंजिन जाते, दुसऱ्याने बहुतेक वेळा त्याचा पैसा जातो. दोन्ही वेळा अब्रू जाते ती कारागिराची.

खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये असते आणि ते क्रमाने शोधावे लागते. हा क्रम स्वस्त आणि सोप्या तपासणीपासून सुरू होतो आणि महागड्या कामापाशी संपतो. या लेखात तोच क्रम देत आहोत.

पाणी कमी का होऊ नये

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकाला मिळते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली थंड करण्याच्या व्यवस्थेला वाहून न्यावी लागते. हे काम कूलंट, म्हणजे आपल्या बोलीतले 'पाणी', करते. ही व्यवस्था बंदिस्त आहे. पाणी तापते, फुगते, निवते आणि परत जागेवर येते. बाटलीवरील दोन रेघांमधली पातळी महिनोन् महिने जवळजवळ तशीच राहिली पाहिजे. दर आठवड्याला अर्धा लिटर टाकावे लागत असेल, तर ते पाणी कुठेतरी जात आहे हे पक्के.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे दाब. साधे पाणी उघड्यावर १०० अंश सेल्सिअसला उकळते. जपानी बनावटीच्या लहान गाड्यांच्या रेडिएटरच्या टोपीवर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तो ही टोपी किती दाब धरते ते सांगतो. ०.९ बार दाब धरला गेला की तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंट मिसळले असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते. दाब धरला गेला नाही, तर चढावर किंवा वाहनांच्या गर्दीत पाणी लवकर उकळते आणि बाहेर पडते. म्हणजे गळतीमुळे पाणी जाते, तसेच दाब न टिकल्यामुळेही जाते. ही दुसरी गोष्ट पुष्कळ कारागिरांच्या ध्यानात राहत नाही.

एक चूक आणि तिचा धडा

माझ्या शिकाऊपणाच्या दिवसांतली गोष्ट आहे. बेकरीचा माल पोहोचवणारे एक गृहस्थ आपली ओम्नी घेऊन आले. गाडीला गॅस किट होते. दोन दिवसांत लिटरभर पाणी जात होते आणि खाली थेंबही दिसत नव्हता. थंडीची सकाळ होती. गाडी सुरू करताच सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब येऊ लागले. मी निर्णय देऊन टाकला की गॅसकेट गेले. उस्ताद बाहेरगावी होते. मी हेड उतरवले, फेसिंग करून आणले, नवे गॅसकेट आणि नवे ऑइल घालून गाडी दिली. तीन दिवस त्यांचा माल भाड्याच्या रिक्षातून फिरला.

चौथ्या दिवशी ते परत आले. पाणी पुन्हा कमी झाले होते. उस्तादांनी इंजिनला हातही लावला नाही. त्यांनी पाण्याची बाटली बाहेर काढली. बाटलीच्या बाहेरच्या अंगावर वाळलेल्या हिरव्या रंगाचे ओघळ होते. मग त्यांनी रेडिएटरची टोपी उलटी करून माझ्या हातावर ठेवली. रबराचा वॉशर दगडासारखा कडक होऊन चिरला होता. टोपी दाब धरत नव्हती, पाणी उकळून बाटलीत येत होते आणि बाटली भरली की चालत्या गाडीतून उडून जात होते.

ती टोपी एका माणसाच्या जेवणाच्या किमतीत आली. मजुरी आम्ही परत केली. फेसिंग, गॅसकेट, ऑइल आणि तीन दिवसांचा धंदा त्यांना परत देता आला नाही.

आणि ती पांढरी वाफ? पेट्रोल जळताना हवेतील प्राणवायूशी मिळून पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून जाते. सीएनजी तर एक किलो जळला की सव्वादोन किलोच्या आसपास पाणी तयार होते. थंड सायलेन्सरमध्ये ही वाफ पाणी होऊन टपकते. गाडी तापल्यावर ती दिसेनाशी झाली, तर तो इंजिनचा दोष नसतो. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी चांगली इंजिने विनाकारण खोलली जातात.

पान्याआधी प्रश्न

हत्यार हातात घेण्यापूर्वी गिऱ्हाईकाला पाच प्रश्न विचारावेत. किती दिवसांत किती पाणी जाते? गाडी उभी असताना जाते की लांब पल्ल्यावर? काटा वर गेला होता काय? अलीकडे कोणते काम झाले, पंप, बेल्ट, गॅस किट? पाणी कोणते टाकता, कूलंट की नळाचे?

उत्तरे डायरीत लिहून ठेवावीत. उभ्या गाडीतून पाणी जात असेल तर पाइप, रेडिएटर आणि पंपाकडे बघावे. फक्त चढावर किंवा भरलेल्या गाडीत जात असेल तर टोपी, पंखा आणि गॅसकेट तपासावे. नुकतेच काम झाले असेल, तर पहिला संशय त्या कामावर घ्यावा, मग ते आपलेच का असेना.

पहिली पायरी : थंड इंजिन, उजेड आणि कागद

गरम इंजिनची टोपी कधीही उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी उकळून तोंडावर येते. आपल्या धंद्यातले पुष्कळ भाजलेले हात आणि चेहरे याच घाईचे आहेत. पंख्याजवळ हात घालण्यापूर्वी चावी बंद करून बॅटरीची तार काढावी. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही विजेचा पंखा अचानक फिरू लागतो.

गाडी रात्री सपाट जागी उभी करून खाली खोक्याचा पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र अंथरावे. सकाळी डाग कुठे आहे ते पाहावे. एअर कंडिशनरचे पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असते. कूलंटला रंग असतो, बोटांना ते बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. हा वास घ्यावा, पण चव कधीच घेऊ नये. कूलंटमधील इथिलिन ग्लायकॉल हे विष आहे. चवीला गोड असल्यामुळे मुले आणि जनावरे ते पितात. उघडी बादली गॅरेजच्या दारात ठेवू नये, शीतपेयाच्या बाटलीत तर कूलंट मुळीच भरू नये.

ओम्नी आणि ईकोसारख्या गाड्यांत इंजिन सीटखाली असते. तिथे गळलेले पाणी गरम भागावर पडून वाळते, जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. अशा ठिकाणी थेंब शोधू नये, खूण शोधावी. सुकलेले पाणी पांढरा, हिरवा किंवा तांबूस थर मागे ठेवते. प्रत्येक जोडाभोवती बॅटरीचा उजेड टाकून हा थर पाहावा.

दुसरी पायरी : टोपी आणि बाटली

टोपीला दोन झडपा असतात. मोठी झडप दाब वाढला की पाणी बाटलीत सोडते. मधली लहान झडप इंजिन निवताना तेच पाणी बाटलीतून परत ओढू देते. या दोन झडपांचे दोष बाटली बघूनच ओळखता येतात.

रेडिएटर रिकामा आणि बाटली भरलेली असेल, तर पाणी परत ओढले जात नाही. लहान झडप अडकली आहे, वॉशर कडक झाला आहे किंवा बाटलीची नळी चिरली आहे. थंड इंजिनचा वरचा पाइप चपटा झाला असेल, तर तोही लहान झडप न उघडल्याचा पुरावा. बाटली वारंवार ओसंडत असेल, तर मोठी झडप दाब धरत नाही किंवा आत जळका वायू शिरतो आहे. नवी टोपी घेताना जुन्यावरील आकडाच घ्यावा. जास्त आकड्याची टोपी लावली की जुने पाइप आणि रेडिएटर फुटतात.

तिसरी पायरी : दाबाची चाचणी

ज्या गॅरेजात रोज चार गाड्या येतात, तिथे हातपंपाचा प्रेशर टेस्टर असायलाच हवा. एक चुकीचे हेड वाचले तरी त्याची किंमत वसूल होते. थंड इंजिनवर टोपीच्या जागी टेस्टर बसवून टोपीवर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्यावा, त्याहून अधिक नाही. दहा-पंधरा मिनिटे काटा पाहावा. काटा स्थिर राहिला तर गाडी कोमट करून पुन्हा चाचणी घ्यावी, कारण काही चिरा तापल्यावरच उघडतात. काटा उतरला तर पाणी कुठून तरी बाहेर येणारच. उजेड घेऊन त्याच्या मागे जावे.

कुठे बघावे, ते क्रमाने सांगतो.

पाइप आणि क्लिपा : पाइप दाबून पाहावा. फुगलेला, मऊ पडलेला किंवा चिरा गेलेला पाइप बदलावा. नुसती क्लिप आवळून काम भागवू नये, जास्त आवळल्याने प्लॅस्टिकचे तोंड तडकते.

रेडिएटर : जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर झाळून दुरुस्त होत. आता बहुतेक गाड्यांत जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि दोन्ही अंगांची टाकी प्लॅस्टिकची असते. गळती या दोहोंच्या सांध्यातील रबरी रिंगेतून किंवा प्लॅस्टिकच्या तडेतून होते. तडेला चिकटवलेले गम दाब आणि उष्णता फार काळ सोसत नाही. इथे टाकी किंवा रेडिएटर बदलणेच हिताचे.

वॉटर पंप, ज्याला गॅरेजात वॉटर बॉडी म्हणतात : पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र असते. आतले सील गेले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावे यासाठी ते ठेवलेले असते. त्यातून ओघळ दिसला तर पंप बदलावा. हे छिद्र एम-सील लावून बंद करणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि एके दिवशी पंप जाम होतो. टायमिंग बेल्ट त्याच पंपावरून फिरत असेल तर बेल्टही तुटतो.

हीटर : डॅशबोर्डमागे एक लहान रेडिएटर असतो. आपल्याकडे हीटर क्वचित लागतो, म्हणून तो आठवत नाही. काचेवर चिकट धुके, गाडीत गोडसर वास आणि पायाखालचा ओला गालिचा या त्याच्या खुणा.

ब्लॉकच्या टोप्या : इंजिन ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या ठोकून बसवलेल्या असतात. वर्षानुवर्षे साधे पाणी वापरल्यावर त्या आतून गंजून झिरपू लागतात.

गॅस किटचा रिड्यूसर : सीएनजीचा दाब उतरवताना रिड्यूसर अतिशय थंड पडतो. तो गोठू नये म्हणून इंजिनचे गरम पाणी दोन बारीक पाइपांनी त्याच्यातून फिरवलेले असते. बाहेरून किट बसवताना या पाइपांचे जोड वाढतात, म्हणजे गळण्याच्या जागाही वाढतात. टॅक्सी आणि ईकोच्या मालकांनी हे पाइप दर सर्व्हिसला पाहून घ्यावेत.

चौथी पायरी : पाणी आत जाते आहे काय?

बाहेर काहीच सापडले नाही, तरच हेड गॅसकेटचे नाव घ्यावे. त्यासाठीही एका खुणेवर विश्वास ठेवू नये, दोन-तीन खुणा जुळाव्यात.

इंजिन पूर्ण तापल्यावरही गोडसर वासाची पांढरी वाफ येत राहते. सकाळी सुरू करताना एक सिलिंडर मिनिटभर अडखळतो, कारण रात्रभरात त्यात पाणी उतरलेले असते. त्याचा प्लग काढला तर तो इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. थंड इंजिन सुरू करताच, पाणी तापण्यापूर्वीच, वरचा पाइप ताठ होतो. टोपी उघडी ठेवून थंड इंजिन सुरू केले तर बुडबुडे थांबत नाहीत. ऑइलच्या काडीवर दुधाळ चहासारखा थर येतो. झाकणाखाली थोडीशी साय मात्र रोज थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीत दमटपणानेही जमते, तेवढ्यावरून निर्णय देऊ नये.

खात्रीसाठी निळ्या द्रवाचा टेस्टर मिळतो. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढतात. जळका वायू असेल तर पेट्रोल गाडीत निळा द्रव पिवळा पडतो. द्रवात कूलंट शिरू देऊ नये, नाहीतर निकाल खोटा येतो.

गॅसच्या गाडीत आणखी एक सापळा आहे. रिड्यूसरच्या आतला पडदा किंवा सील फाटले तर गॅस पाण्यात शिरतो आणि हुबेहूब गॅसकेटसारखे बुडबुडे येतात. म्हणून सिलिंडरची झडप बंद करून गाडी पेट्रोलवर चालवून पाहावी. बुडबुडे थांबले तर संशय रिड्यूसरवर, दोन्ही इंधनांवर राहिले तर गॅसकेटवर. रिड्यूसर स्वतः खोलू नये. ते अधिकृत किटवाल्याचे काम आहे.

डिझेल गाडीवाल्यांनी ईजीआर कूलर आणि ऑइल कूलरही ध्यानात ठेवावा. ईजीआर कूलर आतून फुटला की पाणी सायलेन्सरवाटे गुपचूप निघून जाते. ऑइल कूलर फुटला की पाण्यावर तेलाचा तवंग येतो. या दोन्ही दोषांसाठी हेड उतरवण्याची गरज नसते.

हेड उतरवलेच तर

बोल्ट बाहेरून आत या क्रमाने, थोडे थोडे सैल करावेत. आवळताना उलट, मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आणि कंपनीच्या आकड्यानुसार. काही इंजिनांचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवेच घ्यावेत. हेड सरळपट्टी आणि फीलर गेजने लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत तपासावे. लहान अ‍ॅल्युमिनियम हेडला साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा अधिक वाक सहसा चालत नाही. ब्लॉकचा चेहराही त्याच पट्टीने पाहावा. फेसिंगवाल्याला कमीत कमी घ्यायला सांगावे, जास्त घेतले तर कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोके देते. आणि गॅसकेट का गेले, ते शोधल्याशिवाय गाडी देऊ नये. बहुतेक वेळा आधी कुठेतरी गळती, पंख्याचा दोष किंवा अडकलेला थर्मोस्टॅट असतो. गॅसकेट ही शेवटची मार खाणारी वस्तू.

टाळायच्या चार गोष्टी

हळद, तंबाखू आणि गळती बंद करण्याची पावडर : रस्त्यात अडकलेल्या ड्रायव्हरने घरापर्यंत पोहोचण्यासाठी हळद टाकली तर समजू शकते. गॅरेजने मात्र टाकू नये. जे छिद्र बुजवते ते हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

थर्मोस्टॅट काढून टाकणे : थर्मोस्टॅट नसला की इंजिन थंड चालते, इंधन जास्त खाते आणि लवकर झिजते. काही इंजिनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरते आणि गाडी उलट अधिकच तापते. पातेल्यात पाणी तापवून थर्मोस्टॅट तपासावा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या जवळपास तो उघडू लागला तर चांगला, नाहीतर नवा घालावा.

बोअरवेलचे पाणी : त्यातील क्षारांचा थर नळ्यांत जमतो आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, हा गैरसमज आहे. ते गंज रोखते आणि उकळबिंदू वाढवते. निम्मे कूलंट आणि निम्मे क्षारविरहित पाणी हे सर्वसाधारण प्रमाण. तयार मिश्रणाच्या डब्यात मात्र पाणी घालायचे नसते. रंगावरून जात ओळखू नये, डब्यावरील मजकूर वाचावा.

तापलेल्या इंजिनवर थंड पाणी : हेड किंवा ब्लॉक तडकतो. गाडी बंद करून किमान अर्धा तास थांबावे, हे गिऱ्हाईकालाही सांगावे. पाणी फारच कमी झाले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली दिसतो. त्या काट्यावर भरवसा ठेवून गाडी पुढे दामटू नये.

हवा काढणे आणि शेवटची खात्री

नवे पाणी भरताना आत हवा राहिली, तर सगळे काम वाया जाते. गाडीचे नाक थोडे उंच ठेवावे, हीटरचा दांडा गरमवर करावा, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करावा आणि सावकाश भरावे. थंड इंजिन टोपी उघडी ठेवून सुरू करावे. थर्मोस्टॅट उघडला की पातळी उतरते, तेव्हा भर घालून टोपी लावावी आणि पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबावे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पातळी पुन्हा पाहावी. बाटलीवर खुणेची रेघ ओढून गिऱ्हाईकाला आठ दिवसांनी बोलवावे. ही तपासणी मोफत ठेवावी. तिच्याइतकी चांगली जाहिरात दुसरी नाही.

हिशेबाची गोष्ट

गाडीवाल्याला एंजिनाची भाषा कळत नाही. आपण जे सांगू ते तो खरे मानतो. म्हणूनच त्याची गाडी आपल्याकडे अमानत असते. अंदाज देताना पायऱ्या सांगाव्यात : आधी तपासणीचे इतके, टोपी किंवा पाइप निघाला तर इतके, आणि पुरावा मिळाला तरच हेडचे इतके. काढलेला जुना माल त्याच्या हातात द्यावा. टेस्टरचा काटा उतरताना त्याला बोलावून दाखवावा. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी दोष पाहिला, तो मजुरीसाठी घासाघीस करत नाही.

ते बेकरीचे गृहस्थ पुढे अनेक वर्षे आमच्याकडेच गाडी आणत राहिले. मजुरी परत मिळाली म्हणून ते टिकले असतील, असे मी बरीच वर्षे समजत होतो. एकदा विचारले तर म्हणाले, "मजुरीचं सोडा. तुमच्या उस्तादांनी ती टोपी माझ्यासमोर उलटी करून दाखवली ना, म्हणून."